पेलेटचा हिशेब

"शिकणाऱ्याला काय, कुठलंही पेलेट चालतं. चांगलं पेलेट मॅचच्या दिवशी काढायचं." हे वाक्य मी नांदेडला ऐकलं, लातूरला ऐकलं आणि दोन्हीकडे ते अगदी खात्रीनं सांगितलं गेलं. मला ते उलटं वाटतं. चांगल्या पेलेटची जास्त गरज शिकणाऱ्याला असते, तयार नेमबाजाला कमी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडची पोरं रायफल शूटिंग शिकतात म्हणजे बहुतेक दहा मीटर एअर रायफल शिकतात. दारूगोळा नाही, फक्त दाबलेली हवा. गोळी म्हणजे ४.५ मिलिमीटरचं शिशाचं पेलेट, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आकार डमरूसारखा. पुढचा भाग सपाट, मध्ये बारीक कंबर आणि मागची बाजू पोकळ, पातळ कडेची. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे पेलेटपेक्षा कितीतरी लहान. त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर अंतरावर. आता पॉइंटमध्येही गुण मोजतात, त्यामुळे पाव मिलिमीटर हुकलं की ०.१ गेला.

रोज शंभर शॉट आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार पेलेटं. डबी पाचशेची, म्हणजे पाच डब्या. साधी डबी आणि चांगली परदेशी मॅच डबी यांच्या किमतीत इतका फरक असतो की पगारदार माणूसही दुकानात दोनदा विचार करतो. सोयाबीनच्या भावावर ज्याचं घर चालतं त्यानं काय करावं! स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, तेव्हा त्याच्या शिक्षक वडिलांनी मुलाच्या खेळासाठी काढलेल्या कर्जाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. कौतुकानं वाचल्या. पण हे कर्ज बऱ्याच अंशी गोळीसाठी काढावं लागतं, हे आपण पटकन विसरलो. पदकाचा फोटो कापून ठेवतो, डबीचं बिल कोण ठेवतो?

तर मुद्द्याकडे येतो.

तयार नेमबाज ट्रिगर दाबला त्या क्षणी सांगतो, "साडेनऊ, उजवीकडे." याला कॉल म्हणतात. स्क्रीनवर त्याच्या कॉलपेक्षा वेगळं काही दिसलं तर त्याला कळतं की पेलेटनं घोळ केला. शिकणाऱ्याकडे हा कॉल अजून आलेला नसतो. त्याला काय दिसतं? कागदावरचं भोक. भोक डावीकडे गेलं की तो समजतो मी डावीकडे ओढलं. मग पुढच्या शॉटला तो उजवीकडे सुधारतो, म्हणजे नसलेली चूक दुरुस्त करतो. असं सहा महिने केलं की अंगात भलतीच सवय मुरते. स्वस्त पेलेट पोराला खोटं सांगतं, आणि पोरगं ते खरं मानून चालतं. माझा आक्षेप एवढाच आहे.

नांदेडला माझी पुतणी शिकते. तिला सतत सांगितलं जायचं, तुझा हात हलतो. दहावीची पोरगी, मोठ्या माणसानं सांगितलं की मान हलवायची, एवढंच तिला येतं. सुट्टीत ती लातूरला आली तेव्हा मी तिची रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. हाताचा प्रश्नच मिटवला. त्याच रायफलीतून, त्याच जागेवरून, दहा तिच्या नेहमीच्या डबीतली आणि दहा एका चांगल्या डबीतली. नेहमीच्या डबीचा ग्रुप बोराएवढा आला. चांगल्या डबीचा हरभऱ्याएवढा. ती बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बघत होती. "काका, म्हणजे मी नव्हतेच?" "थोडी होतीस," मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं.

मग कुतूहल म्हणून गंजगोलाईतल्या एका सराफ मित्राच्या मिलिग्रॅमी काट्यावर दोन्ही डब्यांतली पन्नास पन्नास पेलेटं तोलली. त्याचं गिऱ्हाईक थांबलं होतं, हे इथेच कबूल करून टाकतो! साध्या डबीत सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड यांच्यात तीस मिलिग्रॅमचा फरक निघाला. याचा अर्थ काय? पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं जातं, दहा मीटर जायला त्याला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते जवळजवळ अठरा मिलिमीटर खाली येतं. रायफल प्रत्येक वेळी तेवढाच जोर देते, त्यामुळे जड पेलेट हळू जातं आणि जास्त खाली येतं. तीस मिलिग्रॅमला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे ०.४ गुण, पोरीनं काहीही चूक न करता गेले. पण एवढ्यानं बोर होत नाही. उरलेला फरक घडणीचा: नळीत बसताना कुठलं सैल, कुठलं घट्ट, कुणाची मागची कड चेपलेली, कुणाच्या शिशात एका बाजूला पोकळी. हे काट्यावर दिसत नाही.

अमेरिकेत हजार यार्डांवर कागद फोडणारे लोक काडतुसं घरीच भरतात. पितळी केस, प्रायमर, मोजून दारू आणि वर बुलेट. त्यांच्यातही हाच वाद चालतो, की महाग मॅच बुलेट घ्यावी की स्वस्त घेऊन तोलून-मापून वेगवेगळे ढीग करावेत. तिथे वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर गोळी वीतभर वरखाली लागते, त्यामुळे त्यांची चिकाटी समजते. आपल्याकडे तो मार्ग नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे काडतूस बनवायलाच परवाना लागतो. आणि पन्नास मीटरच्या पॉइंट टू-टूचं काडतूस पुन्हा भरता येतच नाही, कारण त्याचा पेटणारा मसाला केसच्या बुडाच्या कडेत असतो आणि पिन ती कडच चेपते. किनवट-माहूरकडे रानडुकरं हाकलायला ठासणीच्या बंदुका होत्या. दारू, चिंधी, छर्रे, वरून गज. आपलं हातानं भरणं तिथेच संपलं. एअर रायफलला मात्र ही कटकट नाही. वीस ज्यूलच्या आतली, पॉइंट वन सेव्हन सेव्हनची असली तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाही लागत नाही. निवड फक्त डबीची.

मग स्वस्त कसं पडावं? स्वस्त पेलेटं तोलून निवडणं मला पटत नाही. दोन तास घालवून पाचशेतली दीडशे बाजूला काढायची, आणि उरलेली तरी एकसारखी असतील याची खात्री नाही. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. मी सांगतो ते असं: पहिले दोन-तीन महिने, रायफल ताटाएवढी फिरत असते तोवर, खुशाल साधी डबी वापरा. तिथे पेलेटचा दोष पोराच्या हलण्यात बुडून जातो. शॉट नऊच्या आसपास जमायला लागले की साधी डबी बंद. आणि शॉट कमी करा. शंभर खोट्या शॉटपेक्षा चाळीस खरे पुरतात. उरलेला वेळ ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकामी रायफल धरून श्वास आणि ट्रिगर. त्याला पैसे पडत नाहीत. पाच डब्यांच्या जागी दोन लागल्या की चांगल्या डबीची किंमतही घराला झेपते.

सगळ्यात महागडी चांगली असंही नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी. त्याच कंपनीचं ४.४९ एका रायफलीला मानवतं, दुसरीला ४.५० किंवा ४.५१. म्हणून आधी मित्रांकडून दहा-दहा उसनी घेऊन वाळूच्या पिशवीवर बघा, मग घ्या. घ्याल ती एकाच बॅचची घ्या, डबीवर नंबर असतो. आणि डबी एस.टी.च्या टपावर किंवा सॅकच्या तळाशी टाकू नका. लोहा-अहमदपूरच्या रस्त्यावर पातळ कडांचं काय होत असेल ते मला विचारू नका. (शिसं आहे, पेलेट तोंडात धरायचं नाही, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण मी तोंडात धरणारे बघितलेत.)

यावर एक शंका रास्त आहे. एकट्या घराला बॅच-बिच परवडत नाही. दुकानदार पाच डब्यांसाठी बॅच कशाला बघेल? बरोबर. म्हणून नांदेड आणि लातूरच्या क्लबांनी वर्षाची खरेदी एकत्र करायला हवी. वीस पोरं, प्रत्येकी महिन्याला दोन डब्या, म्हणजे वर्षाला ४८० डब्या. एवढ्याला कुठलाही विक्रेता नमुने पाठवेल आणि एक बॅच राखूनही ठेवेल. शाळा किंवा क्रीडा खातं खरेदी करणार असेल तर निविदेत नुसतं 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन पेलेट' लिहू नये. तसं लिहिलं की सगळ्यात कमी दराची डबी येणार आणि नियमाप्रमाणे ती घ्यावीच लागणार. त्याऐवजी लिहावं: दहा मीटरवर, टेकू दिलेल्या रायफलीतून, दहा शॉटचं सगळं भोक मिळून नऊ मिलिमीटरच्या आत, नमुना डबी उघडून आमच्यासमोर. मग कमीत कमी दर खुशाल बघा.