विश्लेषण : पिस्तुलाचा दर्जा तपासतो कोण? अमेरिकी बंदूकधारक साशंक का?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ‘ग्लोबल स्ट्राइक कमांड’ने ‘एम१८’ पिस्तुलांचा वापर थांबवला. वायोमिंगमधील एफ. ई. वॉरन तळावर एका सैनिकाचा या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने मृत्यू झाला होता. पुढे या प्रकरणात दुसऱ्या एका सैनिकाला अटक झाली. निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्यामुळे या मृत्यूचे खापर पिस्तुलावर फोडता येत नाही. महिनाभरानंतर ही शस्त्रे पुन्हा वापरात आली. पण याच पिस्तुलाची नागरी आवृत्ती असलेले ‘सिग सॉअर पी३२०’ लाखो अमेरिकनांच्या कमरेला आहे आणि त्यांच्या मनातील शंका काही संपलेली नाही. हजारो रुपये मोजून घेतलेल्या या वस्तूचा दर्जा नेमका तपासतो कोण?

पिस्तुलांची खरेदी का वाढली?

अमेरिकेत बंदूक घेण्याचे कारण एका पिढीत बदलले. १९९९ मधील पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोकांनी शिकार हे मुख्य कारण सांगितले होते, स्वसंरक्षण सांगणारे २६ टक्के होते. प्यू रीसर्च सेंटरच्या २०२३ मधील पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे प्रमुख कारण असल्याचे सांगितले. दोन्ही पाहण्यांतील प्रश्न तंतोतंत सारखे नसले, तरी कल स्पष्ट आहे. शिकारीला रायफल लागते. संरक्षणाला उशाशी ठेवता येईल किंवा शर्टाखाली लपवता येईल असे पिस्तूल लागते.

करोनाचे २०२० हे वर्ष या बाजारासाठी उच्चांकी ठरले. त्या वर्षी खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या. एक नोंद म्हणजे एक विक्री नव्हे, पण कल त्यातून कळतो. २०२१ मध्ये अमेरिकी कारखान्यांतून ६७ लाखांहून अधिक पिस्तुले बाहेर पडली. यातील बरेच ग्राहक पहिल्यांदाच शस्त्र घेणारे होते. वडिलांनी किंवा आजोबांनी बंदूक हाताळायला शिकवलेला पारंपरिक ग्राहक आणि दुकानात पहिल्यांदा पाऊल ठेवणारा हा नवा ग्राहक, यांत फरक आहे. चांगले पिस्तूल कसे ओळखायचे हे नव्या ग्राहकाला ठाऊक नसते. तो व्हिडीओ पाहून ठरवतो.

मागणी आहे ती छोट्या ९ मिमी पिस्तुलांना. २०१८ मध्ये आलेल्या सिगच्या ‘पी३६५’ने तळहाताएवढ्या पिस्तुलात दहा गोळ्यांची मॅगझिन बसवली आणि बाजाराची दिशाच बदलली. पाठोपाठ स्प्रिंगफिल्डचे ‘हेलकॅट’, स्मिथ अँड वेसनचे ‘शील्ड प्लस’ अशी रांग लागली. गंमत म्हणजे या ‘पी३६५’च्या सुरुवातीच्या मालातही स्ट्रायकर तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. कंपनीने सुधारणा केल्या आणि आज ते सर्वाधिक वाखाणल्या जाणाऱ्या पिस्तुलांपैकी एक आहे. ‘पहिल्या वर्षी नवीन मॉडेल घेऊ नये’ हा अमेरिकी बंदूकधारकांमधील सल्ला अशाच अनुभवांतून आला. आपल्याकडे नव्या मोटारीबाबत हेच म्हणतात.

‘पी३२०’चा वाद काय आहे?

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने जुन्या बेरेटा पिस्तुलांच्या जागी सिगच्या ‘पी३२०’वर आधारित शस्त्राची निवड केली. कंत्राट होते ५८ कोटी डॉलरपर्यंतचे. नागरी ग्राहकासाठी यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नव्हते.

ऑगस्ट २०१७ मध्ये एका शस्त्रविक्रेत्याने ‘पी३२०’ काँक्रीटवर पाडून केलेल्या चाचणीचा व्हिडीओ प्रसिद्ध केला. विशिष्ट कोनात पिस्तुलाची मागची बाजू जमिनीवर आदळली की गोळी सुटत होती. धक्क्याने जड चाप स्वतःच्याच वजनाने मागे सरकत असे. लगोलग कंपनीने ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर केली. पिस्तूल पाठवा, हलका चाप आणि इतर भाग विनामूल्य बसवून देऊ, असा तो प्रस्ताव होता. कंपनीने ‘रिकॉल’ हा शब्द वापरला नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाच्या अहवालातून नंतर कळले, की लष्कराच्या चाचणीतही हा दोष सापडला होता आणि लष्कराच्या पिस्तुलांत बदल करून घेण्यात आला होता. दुकानातून तेच पिस्तूल घेणाऱ्याला मात्र ते एका विक्रेत्याच्या व्हिडीओतून कळावे लागले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात खटकणारी गोष्ट हीच आहे.

दुसरा टप्पा अधिक गुंतागुंतीचा आहे. सुधारित पिस्तुलेही चाप न ओढता, अगदी होल्स्टरमध्ये असताना सुटल्याच्या तक्रारी पोलीस आणि नागरिकांनी केल्या. कंपनीचे म्हणणे ठाम आहे. चाप ओढल्याशिवाय गोळी सुटणे अशक्य आहे, कपड्याचा कोपरा, किल्ली किंवा बोट चापाला लागले असणार, असे ती सांगते. मिशिगन पोलिसांच्या एका घटनेनंतर एफबीआयच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये केलेल्या तपासणीत काही परिस्थितीत अंतर्गत सुरक्षा यंत्रणा निकामी होण्याची शक्यता नोंदवली गेली, पण तिथेही निर्णायक निष्कर्ष निघाला नाही. हवाई दलाने २०२५ मध्ये सुमारे आठ हजार ‘एम१८’ तपासली, तेव्हा १९१ पिस्तुलांत झीज किंवा तत्सम त्रुटी आढळल्या. इमिग्रेशन खात्याच्या ‘आयसीई’ने त्याच उन्हाळ्यात आपल्या कर्मचाऱ्यांना ‘पी३२०’ वापरण्यास मनाई केली.

तांत्रिक मुद्दा सोप्या शब्दांत असा. काडतुसाच्या तळावर आघात करणारा स्ट्रायकर ग्लॉक पिस्तुलात अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण चाप ओढताना बसतो. शिवाय चापावर एक छोटी पट्टी असते, ती दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही. ‘पी३२०’मध्ये स्ट्रायकर जवळपास पूर्ण ताणलेला असतो आणि बहुतेक नागरी मॉडेलांच्या चापावर अशी पट्टी नाही. त्यामुळे चाप हलका आणि नेमबाजी सोपी होते, पण चुकीला वाव कमी उरतो. हा दोष म्हणायचा की निवड, यावरच खटले लढले जात आहेत.

सरकारी यंत्रणा काय करते?

जवळपास काहीच नाही, कारण कायद्यानेच तिचे हात बांधले आहेत. १९७२ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्याने टोस्टरपासून पाळण्यापर्यंत बहुतांश वस्तूंवर लक्ष ठेवणारा आयोग स्थापन झाला. बंदुका त्याच्या कक्षेतून वगळण्यात आल्या. खेळण्यातले पिस्तूल सदोष निघाले, तर आयोग ते बाजारातून मागे घ्यायला लावू शकतो. खऱ्या पिस्तुलाबाबत नाही. बंदुकांवर देखरेख ठेवणारी ‘एटीएफ’ ही संस्था परवाने, नोंदी आणि तस्करी पाहते, उत्पादनाचा दर्जा नाही.

१९६८ च्या कायद्याने आयात पिस्तुलांवर आकार व वैशिष्ट्यांच्या अटी घातल्या, देशी उत्पादनावर मात्र नाही. परिणामी बाहेरून येणारा स्वस्त माल थांबला आणि तसाच माल लॉस एंजेलिस परिसरात बनू लागला. रेव्हन, लॉर्सिन, ब्रायको ही त्यातली गाजलेली नावे. झिंकमिश्रित धातूच्या ओतीव पिस्तुलांचा हा धंदा १९७० ते ९० च्या दशकांत जोरात होता. ब्रायकोच्या पिस्तुलातून अपघाताने सुटलेल्या गोळीने एक मुलगा कायमचा पंगू झाला. २००३ मध्ये ज्युरीने मोठी भरपाई मंजूर केली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता तिच्याच कारखान्यातील माजी फोरमनने विकत घेऊन नव्या नावाने उत्पादन सुरू ठेवले.

काही राज्यांनी पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियात २००१ पासून विक्रीयोग्य पिस्तुलांची यादी आहे. यादीत येण्यासाठी पिस्तूल सुमारे एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर पाडून पाहतात आणि ६०० गोळ्या झाडतात. त्यात सहापेक्षा जास्त बिघाड चालत नाहीत. बंदूकधारकांना ही यादी सुरक्षेच्या नावाखालची बंदी वाटते आणि नंतर घातलेल्या अटी पाहता त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. उर्वरित बहुतांश देशात उद्योगाने स्वतःच आखलेली ऐच्छिक मानके आहेत. ‘पी३२०’ ती मानके पूर्ण करत होते. ज्या कोनात ते सुटले, तो कोन चाचणीत नव्हता.

मग ग्राहक दर्जा कसा ठरवतात?

दुकानात स्लाइड मागे ओढून पाहणे, चाप किती स्वच्छ तुटतो हे अजमावणे, धातूवरील खुणा न्याहाळणे ही पहिली पायरी. नंतर मैदानावर जाऊन दोनशे ते पाचशे गोळ्या झाडायच्या. एकदाही अडकले नाही, तरच ते कमरेला लावायचे, असा अनेकांचा दंडक आहे.

‘पूर्वीसारखा माल राहिला नाही’ ही तक्रार तिथेही सार्वत्रिक आहे. तिचा रोख बहुतेकदा धातूची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत तापवून केलेल्या भागांवर असतो. पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेला हॅमर आणि असा साच्यातला हॅमर, यांत जुन्या लोकांना जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. यात थोडे तथ्य आहे आणि बरेच स्मरणरंजन. कोल्टचे जुने ‘पायथन’ रिव्हॉल्व्हर कुशल कारागीर हाताने जुळवत, ही गोष्ट खरी. पण संगणकनियंत्रित यंत्रांवर आज बनणारे साधे पिस्तूलही एकसारखे आणि अचूक असते. तिप्पट किमतीचे पिस्तूल अडकते आणि प्लास्टिकच्या सांगाड्याचे साधे ग्लॉक वर्षानुवर्षे चालते, असे अनुभव बंदूकधारकच सांगतात. ‘कानिक’सारखी तुर्की बनावटीची पिस्तुले आता स्वस्तात मस्त म्हणून नावाजली जातात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे त्यांना कोणी विचारतही नव्हते.

म्हणजे बाजार काही प्रमाणात काम करतो. वाईट चाप, गंजणारा रंग, अडकणारी मॅगझिन हे दोष ग्राहकाला दिसतात, तो बोंब ठोकतो आणि कंपनी सुधारते. अनेक कंपन्यांनी स्वतःहून मालही परत घेतला आहे. रूगरने २००८ मध्ये, स्प्रिंगफिल्डने २०१३ मध्ये आणि स्मिथ अँड वेसनने २०२० मध्ये काही मॉडेल्स दुरुस्तीसाठी मागवली होती.

अडचण दुर्मीळ दोषाची आहे. समजा दहा हजारांत एखादेच पिस्तूल आपोआप सुटत असेल, तर उरलेल्या ९,९९९ मालकांचा अनुभव उत्तमच असणार. ते प्रामाणिकपणे सांगतील, ‘माझ्याकडे पाच वर्षे आहे, काही झालेले नाही.’ त्यांचे खरे आणि जखमी झालेल्याचेही खरे. पाचशे गोळ्यांच्या घरगुती चाचणीत असा दोष सापडत नाही. त्यासाठी देशभरातील घटनांची एकत्र नोंद ठेवणारे कोणी तरी लागते. मोटारींसाठी अमेरिकेत तशी सरकारी यंत्रणा आहे, पिस्तुलांसाठी नाही.

न्यायालयात दाद मिळते का?

मिळते, पण उशिरा. २००५ च्या केंद्रीय कायद्याने बंदूक कंपन्यांना गुन्हेगारांच्या कृत्यांबद्दलच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. सदोष रचनेबाबतचे दावे मात्र त्यातून वगळले आहेत. ‘पी३२०’च्या खटल्यांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागले. जून २०२४ मध्ये जॉर्जियातील ज्युरीने एका जखमी ग्राहकाला २३.५ लाख डॉलर, तर नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियातील ज्युरीने दुसऱ्याला १.१ कोटी डॉलर देण्याचा कौल दिला. इतर अनेक दावे फेटाळले गेले. कंपनीचे मुख्यालय असलेल्या न्यू हॅम्पशायरने मे २०२५ मध्ये कायदा करून पिस्तुलावर बाह्य सेफ्टीसारखी काही वैशिष्ट्ये नव्हती, एवढ्या कारणावरून भरपाई मागण्याचा मार्ग बंद केला. कंपनी राज्यातील मोठी रोजगारदाती आहे, हे सांगायला नकोच.

भारताशी संबंध किती?

भारतीय लष्कराने २०१९ मध्ये सिगच्या ७२,४०० ‘एसआयजी ७१६’ रायफली घेतल्या आणि २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांची मागणी नोंदवली. ती रायफल आणि हे पिस्तूल यांची यंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे, त्यामुळे हा वाद तिला चिकटवण्याचे कारण नाही.

ब्राझीलच्या ‘टॉरस’चा संबंध अधिक जवळचा. या कंपनीच्या काही जुन्या पिस्तुलांबाबत, ती पडली तर सुटतात, अशा तक्रारी होत्या. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावा झाला आणि कंपनीने तडजोड केली. त्यानंतरच्या मॉडेलांबद्दल तिथल्या ग्राहकांचे मत बरेच सुधारले आहे. हीच कंपनी जिंदाल समूहासोबत हरियाणातील हिसार येथे संयुक्त प्रकल्प चालवते.

आपल्याकडील परवानाधारकाची गोष्ट मात्र उलटी आहे. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला शस्त्र आयात बंद झाली. दीर्घकाळ त्याच्यापुढे मुख्यतः सरकारी आयुध कारखान्यांचे .३२ बोअरचे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हाच पर्याय होता. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सव्वा लाखाच्या आसपास विकले जात होते. अमेरिकेत नवे ग्लॉक त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. जुनी परदेशी पिस्तुले भारतात अजूनही लाखोंना हात बदलतात, ती या टंचाईमुळे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, खासगी उत्पादकही आले. आता परवानाधारकाला दोन-चार पिस्तुले शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी प्रथमच मिळू लागली आहे.