टाळी केव्हा वाजवायची?

शाळेच्या सूचनाफलकावर एक दिवस कागद लागतो. शनिवारी संध्याकाळी शास्त्रीय वृंदगायनाचा कार्यक्रम आहे, विद्यार्थ्यांनी गणवेशात हजर राहावे. त्याखाली सूचनांची रांग : बोलू नये, हसू नये, जागेवरून उठू नये, खाऊ आणू नये, मध्येच टाळ्या वाजवू नयेत. कागद वाचून मुलांचा समज होतो, की गाणे ऐकणे हीसुद्धा एक शिक्षाच असावी. मग कार्यक्रमात एखादे मूल नको तिथे टाळी वाजवते. शिक्षक डोळे वटारतात, शेजारची मुले फिदीफिदी हसतात आणि ते मूल पुन्हा अशा कार्यक्रमाला जायचे नाव काढत नाही. एका टाळीपायी एक श्रोता कायमचा गमावला जातो, याची खंत मात्र कुणालाच वाटत नाही.

नियम असावेतच. पण त्यामागचे कारण मुलांना कोणी सांगत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

भिलाईच्या हुडको वसाहतीत वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलाचा विचार करा. भिलाई हे पोलादाचे गाव. तिथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येऊन स्थायिक झाली. या मुलाच्या आसपास गाणे ऐकण्याच्या किती निरनिराळ्या रीती आहेत! भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीत मुख्य गायिकेच्या साथीला रागी असतो. तो मध्येमध्ये हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, कथा पुढे सरकवतो. श्रोते तिथे मख्खपणे बसून राहिले तर रंगच भरायचा नाही.

त्याच मुलुखात खैरागढ आहे. तिथल्या राजा-राणींनी आपल्या दिवंगत मुलीच्या, इंदिरेच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. मुंबईत जन्मलेले, पं. भातखंड्यांचे शिष्य पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. ख्यालाच्या मैफलीत गवई सुरेख तान घेऊन समेवर आला, की मान डोलावून, हलकेच 'वाह' म्हणून दाद देणे हा शिष्टाचारच. तो जागच्या जागी रचत असतो. दाद मिळाली, की त्याला पुढची जागा सुचते.

पाश्चात्त्य पद्धतीच्या शास्त्रीय वृंदगायनाचे गणित वेगळे. तिथे साधारणपणे चार थर असतात : स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज, पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज. प्रत्येक थराची चाल निराळी, तरी सारे एकाच वेळी गातात आणि त्यातून एक भरीव नाद तयार होतो. सगळे आधी लिहिलेले असते. पुष्कळदा वाद्यांची साथ नसते, ध्वनिवर्धकही नसतो. रचनेचे तीन-चार भाग असतात आणि दोन भागांमध्ये क्षणभर शांतता असते. त्या क्षणी गायकांनी पुढच्या भागाचा सूर मनात धरलेला असतो. नेमकी तेव्हा टाळी पडली, तर तो सूर हलतो. 'मध्येच टाळ्या नकोत' या नियमाचे कारण एवढेच. ते सांगितले, तर दहा वर्षांच्या मुलालाही पटते.

हा नियम काही ब्रह्मलिखित नाही. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपली सिंफनी चालू असतानाच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हे मोठ्या आनंदाने कळवले आहे. रचना संपेपर्यंत थांबायची चाल पुढे हळूहळू रुळली. हॅन्डेलच्या 'मसीहा' या प्रसिद्ध वृंदरचनेचा पहिला प्रयोग १७४२ साली डब्लिनला झाला. कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि रुग्णालयांसाठी तो मदतीचा कार्यक्रम होता. गर्दी इतकी होणार होती, की स्त्रियांनी झग्याखालचे घेरदार सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी जाहीर विनंती करण्यात आली. शिष्टाचाराचे मूळ हे असे असते. शेजाऱ्याला बसायला जागा मिळावी, त्यालाही ऐकू यावे. आजच्या तलवारी म्हणजे मोबाइल. हात उंचावून चित्रण करणारा माणूस मागच्या चार जणांच्या डोळ्यांसमोर प्रकाशाचा चौकोन धरून बसतो.

आपल्या मुलांना वृंदगान अगदीच परके आहे, असेही नाही. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतल्या प्रार्थना देशभरातल्या शाळांत म्हटल्या गेल्या. दोन्हींचे संगीतकार वसंत देसाई, आपल्या कोकणातले. समूहगानाचा त्यांना ध्यास होता. शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने एकत्र गायला लावण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. मुंबईतल्या परांज्योती वृंदाने तर पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय गाणीही चार थरांत गाऊन दाखवली.

तेव्हा तयारी शाळेच्या प्रार्थनेपासूनच करता येईल. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अर्ध्या वर्गाला प्रार्थना म्हणू द्यावी आणि अर्ध्या वर्गाने ऐकावी. दुसऱ्या खेपेला ऐकणाऱ्यांपैकी एकाने वेफर्सची पिशवी उघडावी, एकाने बाक सरकवावा, एकाने शेजाऱ्याच्या कानात काही सांगावे. मग गाणाऱ्यांना विचारावे, काय वाटले? दहा मिनिटांच्या या प्रयोगातून मुले जे शिकतील, ते फलकावरच्या कागदाने शिकणार नाहीत.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. पाच-दहा मिनिटे आधी पोहोचावे. उशीर झालाच, तर दाराशी थांबून एक रचना संपल्यावर आत जावे. खोकल्याची उबळ आली, तर तोंडावर रुमाल धरावा. ती थांबत नसेल, तर रचना संपताच बाहेर जाऊन पाणी प्यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. टाळीबद्दल शंका असेल, तर निर्देशकाच्या हातांकडे पाहावे. ते हात पूर्ण खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळला, की मनसोक्त टाळ्या वाजवाव्यात. आणि एखाद्याची टाळी आधी पडलीच, तर कोणी मागे वळून पाहू नये. त्या बिचाऱ्याला गाणे आवडले होते, म्हणून तर टाळी वाजली!

शेवटी एक गोष्ट मोठ्यांसाठी. मुले दोन तास चुळबुळ न करता बसावीत, असे वाटत असेल, तर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी वेळेवर यायला हवे. हारतुरे आणि भाषणे दहा मिनिटांत आटपायला हवीत. पाहुणे अर्ध्यातून उठून गेले आणि त्यांच्यामागे संयोजकही पळाले, तर मुलांनी कोणता धडा घ्यायचा? पालकांनी पाकीट मुडपून शेव खाल्ली, तर मूलही खाणार.

कार्यक्रमाहून परतताना 'नीट बसला होतास ना?' असे मुलाला विचारू नये. 'तुला कुठला आवाज आवडला, वरचा की खालचा?' असे विचारावे. सांगता आले नाही, तरी हरकत नाही. पुढच्या वेळी तो आवाज शोधायला ते मूल आपण होऊन येईल.