पिल्लाची लस : खर्च खासगी, लाभ सार्वजनिक

कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू घरात येणे ही आपल्याकडे बहुधा मुलांच्या हट्टाची आणि आईच्या नाइलाजाची बाब असते. दुधाची वाटी आणि गोणपाटाचा तुकडा एवढ्यावर ते वाढते, अशी समजूत असल्यामुळे हिशेब कोणी मांडत नाही. पशुवैद्यक सांगतात तो पहिल्या चार महिन्यांचा कार्यक्रम मात्र मध्यमवर्गीय गृहस्थाला विचारात पाडणारा आहे.

जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून द्यावयाचे, कारण कुत्रीकडून गोलकृमी पिल्लाला गर्भातच मिळतात. मांजरांत ते दुधावाटे येतात. सहा ते आठ आठवड्यांचे वय झाले की पहिली लस, आणि पुढे सोळा आठवडे पुरे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिची पुनरावृत्ती. यात डॉक्टरांचा धंदा आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, आईकडून आलेली प्रतिपिंडे अंगात असेतो लस निष्प्रभ ठरू शकते, आणि ती केव्हा ओसरतील हे पिल्लागणिक वेगळे असते. साधारणपणे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस रेबीजची लस येते. तीही पुढे ठराविक काळाने टोचावी लागते.

हा सारा खर्च एकाच जातीचा नाही. पार्व्हो किंवा डिस्टेंपरपासून पिल्लू वाचले, तर लाभ मुख्यतः त्याच्या धन्याचा. तो खर्च त्याने करावा हे रास्त आहे. रेबीजच्या लसीचा लाभ मात्र शेजारच्या मुलाला, दूधवाल्याला, पोस्टमनला मिळतो, आणि यांपैकी कोणी लसीचा पैसा भरत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. जेम्स मीड यांनी १९५२ साली दिलेले फळबाग आणि मधमाश्यांचे उदाहरण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगतो. वास्तविक गल्लीतले पिल्लू आपल्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे आहे. ज्या वस्तूचा लाभ दुसऱ्यांना जातो ती माणूस समाजाच्या गरजेपेक्षा कमी विकत घेतो. लस पुढच्या महिन्यावर टाकली जाते ती यामुळेच. त्यात निर्दयपणा शोधण्याचे कारण नाही.

आता सरकारी खर्चाची तऱ्हा पाहा. कुत्रा चावलेल्या माणसाला शासकीय रुग्णालयात लस विनामूल्य मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. स्नायूत टोचावयाच्या पद्धतीने तिच्या पाच मात्रा होतात. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. त्यात रुग्णालयाच्या खेपा आणि बुडालेली मजुरी मिळवा. याउलट पिल्लाला टोचण्याचा खर्च काही शेकडा रुपयांचा. स्वस्त उपाय व्यक्तीच्या मर्जीवर आणि महाग उपाय सार्वजनिक तिजोरीवर, ही वाटणी कोणत्या शहाणपणात बसते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, आणि संशयित जनावराने चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. पिल्लाशी खेळणारीही तीच. पिल्लाचा दात लागला तर काय होते, या गैरसमजापोटी अशी जखम घरी सांगितलीही जात नाही.

खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे, पाळीव पिल्लांचे काय घेऊन बसलात, असा आक्षेप येईल. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय गाजल्यापासून तो अधिकच येतो. परंतु रेबीजची साखळी तोडण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस हवी, असे मानले जाते, आणि ही टक्केवारी मोजताना पाळीव व भटका असा भेद विषाणू करीत नाही. आपल्या कितीतरी वस्त्यांत तो भेद माणसेही करीत नाहीत. चाळीतले कुत्रे सर्वांचे असते आणि कोणाचेच नसते. गोव्याने घरचे आणि रस्त्यावरचे अशा दोन्ही कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचली. कुत्र्यांतील रेबीज तेथे ९२ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले; त्याआधी २०२१ मध्येच राज्य सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले होते.

महागडे जातिवंत पिल्लू विकत घेणाऱ्यास फुकट लस कशासाठी, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण येथे अनुदान त्या श्रीमंताला मिळत नाही; ते त्याच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या मोलकरणीला मिळते. शिवाय ऐपत तपासण्याची यंत्रणा उभारली तर तिचाच खर्च लसीहून अधिक व्हायचा.

मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांत कुत्र्यासाठी परवाना लागतो आणि त्याकरिता लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. म्हणजे नागरिकाने आधी खासगी दवाखान्यात पैसे मोजावयाचे आणि मग पालिकेत शुल्क भरावयाचे. दोन्ही कामे पालिकेच्या एकाच टेबलावर व्हावीत : पिल्लू आणावे, लस विनामूल्य टोचून घ्यावी, परवाना तेथेच मिळावा. नोकरदारांसाठी हे टेबल रविवारी मांडावे, आणि ते प्रत्येक प्रभागात असावे. तीन महिन्यांचे पिल्लू पिशवीत घालून दोन बस बदलण्यास कोण धजेल? रेबीज मांजरांनाही होतो. तेव्हा परवान्याची अट असो वा नसो, मांजराच्या पिल्लाला त्या टेबलावरून परत पाठवू नये.