गाणी हिट, बँड खरे, तरी शिक्षा २५ वर्षांची



गुंतवणूक स्कीममधल्या फसवणुकीची बातमी आली की आपण स्वतःला नेहमी पैसे घालणाऱ्याच्या जागी ठेवतो. "आपण असल्या भानगडीत पडायचं नाही," म्हणतो आणि पुढची बातमी वाचतो. आज जरा उलटं करूया. पैसे घेणाऱ्याच्या जागी बसून बघा. कारण धंदा तुम्ही सुरू करताय, भांडवल तुम्हाला हवंय, आणि "मित्रांकडून घेतो, महिन्याला तीन टक्के देतो" हा विचार तुमच्याच डोक्यात येणार आहे.

यासाठी मी अमेरिकेतलं एक उदाहरण घेतोय. माणसाचं नाव लू पर्लमन.

वेड संगीताचं, पैसा दुसऱ्यांचा

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९५४ साली जन्मलेला हा मुलगा. 'सायमन अँड गारफंकल' या गाजलेल्या जोडीतला आर्ट गारफंकल त्याचा चुलत-मावसभावांपैकी एक. घरातच एवढं यश दिसल्यावर यालाही संगीतात नाव काढायचं होतं. तरुणपणी एक बँड सांभाळून बघितला, पण जम बसला नाही. मग विमानं भाड्याने देणं, जाहिरातीसाठी हवेत सोडायचे मोठाले ब्लिंप चालवणं, अशा धंद्यात तो शिरला.

पण संगीत डोक्यातून गेलं नव्हतं. 'न्यू किड्स ऑन द ब्लॉक' या बँडने त्याचं विमान भाड्याने घेतलं, आणि पाच पोरं गाऊन एवढा पैसा कमावतात हे बघून त्याने तोच साचा उचलला. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात मुलं निवडली, त्यांना तयार केलं. १९९३ मध्ये 'बॅकस्ट्रीट बॉइज' उभा राहिला, १९९५ मध्ये 'एन सिंक'. दोन्ही बँड जगभर गाजले. माणूस शोधणं, घडवणं, बाजारात आणणं, ही कामं त्याला खरोखर जमत होती.

मग बिघडलं कुठे?

या सगळ्याच्या मागे 'ट्रान्स कॉन्टिनेंटल एअरलाइन्स ट्रॅव्हल सर्व्हिसेस' नावाची कंपनी होती. पर्लमन तिचे शेअर विकायचा, आणि बचत योजनेच्या नावाखाली लोकांच्या ठेवी घ्यायचा. परतावा बँकेपेक्षा थोडा बरा, ठेव विम्याने सुरक्षित, असं सांगायचा. पैसे घालणाऱ्यांत निवृत्त माणसं बरीच होती. आयुष्याची पुंजी होती ती.

आणि ही कंपनी फक्त कागदावर होती. विमाही खोटा. हिशेब तपासणारी म्हणून जी फर्म दाखवली जायची, तीसुद्धा अस्तित्वात नव्हती. जुन्या ठेवीदाराला द्यायचे पैसे नव्या ठेवीदाराकडून यायचे. हे २० वर्षांहून जास्त काळ चाललं. ठेवीदारांचे ३० कोटी डॉलरहून जास्त अडकले, बँकांचे वेगळेच.

२००७ च्या सुरुवातीला फ्लोरिडा सरकारने ही योजना म्हणजे फसवणूक असल्याचं जाहीर केलं. पर्लमन देश सोडून पळाला होता. जूनमध्ये इंडोनेशियातल्या बाली बेटावर सापडला. २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी एक सवलत दिली होती: ठेवीदारांचे १० लाख डॉलर परत मिळवून दिलेस, की शिक्षेतला एक महिना कमी. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २०१६ मध्ये तो कैदेतच वारला. लोकांच्या हाती त्यांच्या पैशातला अगदी किरकोळ हिस्सा आला.

"पण सर, माझा धंदा खरा आहे!"

ट्रेनिंगमध्ये हे वाक्य मी खूप वेळा ऐकतो. मग पर्लमनकडे नीट बघा. त्याचे बँड खरे होते, गाणी खरी होती, स्टेडियममधली गर्दी खरी होती. त्याने ठेवीदार वाचले का? नाही. उलट, भिंतीवरच्या गोल्ड रेकॉर्ड बघून लोकांचा विश्वास वाढला. खरा धंदा खोट्या धंद्याचं दुकान सजवत होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फसवणूक पळून जाण्याच्या दिवशी सुरू होत नाही. ज्या दिवशी तुम्ही एकाच्या मुद्दलातून दुसऱ्याला पैसे देता आणि त्याला "हा तुमचा नफा" म्हणता, त्या दिवशी ती सुरू होते. "पुढच्या सीझनला भरून काढू" हा मनातला हेतू कितीही चांगला असला तरी.

गणित करून बघा

समजा तुम्ही फरसाणाचं युनिट टाकलंय. मित्रांकडून १० लाख घेतले, महिना ३ टक्के कबूल केले. म्हणजे दरमहा ३०,००० रुपये. विक्रीवर तुम्हाला निव्वळ १२ टक्के सुटतात असं धरू. मग फक्त हे ३०,००० देण्यासाठी महिन्याला अडीच लाखांची विक्री हवी. तुमच्या घरखर्चाचा रुपया त्यात अजून आलेलाच नाही.

पहिल्या महिन्यात एवढी विक्री झाली नाही. तुम्ही नवीन मित्राकडून ३०,००० घेतले आणि जुन्याला दिले. आता त्या ३०,००० वरही ३ टक्के द्यायचेत. दर महिन्याला हेच केलं तर २४ महिन्यांत १० लाखांचं देणं २० लाखांच्या वर जातं. मशीन तेच, दुकान तेच, माल तेवढाच. देणं मात्र दुप्पट. आणि गंमत म्हणजे या दोन वर्षांत सगळे मित्र खूश असतात, कारण प्रत्येकाला वेळेवर पैसे मिळतायत. वेळेवर मिळणारे पैसे हा धंदा चांगला चालल्याचा पुरावा नसतो.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. परवानगी नसताना धंद्यासाठी लोकांकडून अशा ठेवी घेतल्या, तर २ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. पैसे बुडवायचीसुद्धा गरज नाही, घेणं हाच गुन्हा. फसवून पैसे बुडवले तर ३ ते १० वर्षं. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा १९९९ पासून आहे, त्यात मालमत्ता जप्त होते.

मग भांडवल आणायचं कुठून? सरळ वाटा आहेत:

- बँकेचं कर्ज. मुद्रा, पीएमईजीपी यांसारख्या योजनांत आधी अर्ज करून बघा. वेळ लागतो, कागदं लागतात, पण झोप शांत लागते.
- जवळच्या नातेवाइकांकडून कर्ज. कायद्यात याला सूट आहे. तरी लिहून घ्या आणि व्यवहार बँकेतून करा.
- भागीदार. त्याला ठरावीक टक्के कबूल करायचे नाहीत. नफा झाला तर हिस्सा, तोटा झाला तर तोही वाटून.
- ग्राहकाचा ॲडव्हान्स. माल खरंच द्यायचा असेल तरच.

तुमच्या बाबतीत काय बसतं ते सीएला विचारा. "मित्रच आहेत, काय होतंय" हे उत्तर सीएचं नसतं.

स्वतःला तीन प्रश्न

१. उद्यापासून नवीन पैसे येणं थांबलं, तर जुन्यांचं देणं फक्त विक्रीतून भागेल का?

२. पैसे देणाऱ्याने आत्ता हिशेबाची वही मागितली, तर मी ती आहे तशी त्याच्यापुढे ठेवीन का?

३. हा महिना वाईट गेला हे त्याला फोन करून सांगायची माझी हिंमत आहे का?

एकाचंही उत्तर "नाही" आलं, तर नवीन पैसे घेणं आजच थांबवा. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. लाज वाटते, नाव जाईल अशी भीती वाटते. पण पहिल्या वाईट महिन्यात केलेला फोन फार तर मित्राचा एक दिवस खराब करतो. दोन वर्षांनी तोच फोन करावा लागला, तर त्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे गेलेले असतात.

महत्त्वाकांक्षा मोठी ठेवा, त्यात काही वाईट नाही. फक्त तुमच्या स्वप्नाचं भाडं शेजारच्या निवृत्त काकांच्या ठेवीतून भरू नका.

आज एक काम करा. कोणाकोणाचे किती पैसे तुमच्याकडे आहेत, कशासाठी घेतलेत, आणि ते कुठून परत जाणार, हे एका कागदावर लिहून काढा. "कुठून" हा रकाना रिकामा राहिला, तर तिथूनच कामाला लागा.