शांततेची मात्रा

सध्या व्हेगस चेतेचे दिवस आहेत. मोबाइलवर बोट फिरवावे, तर कोणी बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवतो आहे, कोणी घसा खरवडून गुळण्या करतो आहे. आश्वासन एकच: परानुकंपी चेतासंस्था ‘चालू’ करा, ताण पळालाच म्हणून समजा.

पण ती बंद असते कधी? हृदय मोकळे सोडले, तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके टाकते. प्रत्यारोपित हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात. ते बसल्या जागीही जवळपास त्याच वेगाने धावते. आपले सत्तर-बहात्तरवर राहते, कारण मेंदूच्या बुडातून निघून छातीपोटात उतरलेली, परानुकंपी संस्थेतली ही व्हेगस चेता अष्टौप्रहर लगाम धरून असते. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास सोडा. नाडी किंचित मंदावते. श्वास घेताना लगाम सैल, सोडताना आवळलेला. तेव्हा लांब उच्छ्वासाने बरे वाटते, हे काही थोतांड नव्हे.

हा लगाम ओढते ते एक रसायन. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. चेतेला हात न लावता तेही मंदावले. ते रसायन म्हणजेच ॲसिटिलकोलीन. नोबेल 1936 मध्ये मिळाले, हेन्री डेल यांच्यासह. खरी कमाल मात्र पुढे आहे: काम होताच एक विकर या रसायनाचा क्षणार्धात चट्टामट्टा करतो. लगाम ओढावा आणि लगेच सोडावा, असा हा खेळ.

तो सुटलाच नाही तर काय होते, हे यवतमाळच्या लोकांना विचारावे. 2017 च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला फार तर उपरणे, आणि डोक्यावर गेलेल्या पिकात उलटून अंगावर येणारा फवारा. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके (गावात त्यांना ‘औषध’च म्हणतात) नेमका तो विकरच जखडून टाकतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जाते. लाळ थांबत नाही, डोळे पाझरतात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पोट सुटते, नाडी मंदावते. श्वासनळ्या आवळतात, फुप्फुसे स्रावाने भरतात. स्नायू लुळे पडतात ते वेगळेच.

‘विश्रांती आणि पचन’ एवढेच जिचे वर्णन व्हिडिओत ऐकू येते, तीच ही यंत्रणा. मोजून द्यायची गोष्ट घाऊक विकायला काढली, की निम्मी माहिती गळून पडतेच.

फवारणीची विषबाधा झालेल्या रोग्याला उतारा म्हणून ॲट्रोपिन टोचतात. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यातही हे द्रव्य असते, आणि तेही विषच. डॉक्टर दर काही मिनिटांनी छातीला नळी लावून घरघर ऐकतात, मात्रा वाढवतात. नाडी ऐंशीपलीकडे धावू लागली आणि छाती कोरडी वाजली, की खाटेपाशी बसलेल्यांना सांगतात, आता जरा बरे आहे.