पूल निळा दिसतोय, पण पाणी स्वच्छ आहे का?

उन्हाळा आला की इन्स्टावर लोणावळा, कर्जत, अलिबागच्या ‘प्रायव्हेट पूल’ व्हिलांचे रील्स सुरू होतात. ड्रोन शॉट, ट्रेंडिंग गाणं आणि निळंशार पाणी. तो निळा रंग बहुतेक वेळा टाइल्सचा असतो, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. पाण्याची तब्येत रंगावरून कळत नाही. ती मुख्यतः दोन आकड्यांवरून कळते: फ्री क्लोरीन आणि पीएच.

हा विषय आत्ता काढायचं कारण केरळ. तिथे २०२४ मध्ये आणि त्याहून जास्त २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर तिथल्या सरकारने विहिरी आणि टाक्यांमध्ये क्लोरीन टाकायची मोहीमच काढली. व्हॉट्सअॅपवर ‘मेंदू खाणारा अमीबा’ म्हणून फिरतो तो नेग्लेरिया फाउलेरी. तो कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकात पाणी गेलं की तिथून मेंदूपर्यंत पोहोचतो. पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण जगभरात बहुतेक रुग्ण दगावले आहेत. क्लोरीन नीट असलेल्या पूलमध्ये हा अमीबा टिकत नाही. आता ‘नीट’ म्हणजे किती, ते बघू.

समजा, पूल २० बाय १० फूट आणि सरासरी ४ फूट खोल आहे. म्हणजे ८०० घनफूट, साधारण २२,६०० लिटर पाणी. फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या दरम्यान हवं. २ पीपीएम म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे या पूलसाठी जेमतेम ४५ ग्रॅम क्लोरीन. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर १३५ ग्रॅमच्या आसपास. हिशोब एवढा सोपा आहे! अडचण अशी की ऊन, घाम, पालापाचोळा आणि सनस्क्रीन हे सगळे मिळून ते क्लोरीन खात राहतात. स्थिर करणारं रसायन पाण्यात नसेल तर कडक उन्हात ते काही तासांत बरंचसं उडून जातं. म्हणून ‘सोमवारी टाकलं होतं’ याला शनिवारी काही अर्थ नसतो.

पीएचचं महत्त्व त्याहून कमी समजलं जातं. क्लोरीनचा जंतू मारणारा भाग पीएच ७.५ ला निम्मा असतो आणि ८ ला जेमतेम पावभर उरतो. म्हणजे किटमध्ये क्लोरीन भरपूर दिसतं आणि काम मात्र होत नाही. ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. आणि हो, तो उग्र ‘स्विमिंग पूलचा वास’ जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी संयोग होऊन जे क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही बरंचसं त्यामुळेच. असा वास आला तर बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडलेलं असतं.

आता खरा पेच. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाणीटंचाई झाली तेव्हा तिथल्या जलमंडळाने स्विमिंग पूलसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड लावला. आपल्याकडेही उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात, तेव्हा पूल रिकामा करून परत भरणं मला तरी पटत नाही. पण पाणी वर्षभर तेच ठेवायचं तर कोणतं क्लोरीन वापरता हे बघावं लागतं. बाजारात सगळ्यात सोयीच्या टीसीसीएच्या गोळ्या. त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक अॅसिडही पाण्यात जातं. थोडं असेल तर चांगलं, ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं. पण ते उडून जात नाही, साठत राहतं. रोज २ पीपीएम क्लोरीन या गोळ्यांतून दिलं तर दोन महिन्यांत सायन्युरिक अॅसिड ७० पीपीएमच्या पुढे जातं आणि मग तेच क्लोरीन मंदावतं. उपाय साधारण एकच: पाणी काढून नवीन भरणं. म्हणजे सोयीच्या गोळीची किंमत शेवटी टँकरने मोजायची. माझं मत स्पष्ट आहे, रोजच्या वापराला लिक्विड हायपोक्लोराइट बरं. त्याने पीएच वर सरकतो, तो अधूनमधून खाली आणावा लागतो, एवढंच.

मग गॅजेट्सचं काय? पाण्यावर तरंगणारे आणि मोबाइलवर नोटिफिकेशन पाठवणारे स्मार्ट सेन्सर मिळतात. त्यातले बरेचसे क्लोरीन थेट मोजत नाहीत. ते ओआरपी नावाचा व्होल्टेज मोजून अंदाज बांधतात, आणि सायन्युरिक अॅसिड वाढलं की तो अंदाज चुकतो. पीएचचा प्रोबही ठरावीक काळाने कॅलिब्रेट करावा लागतो. स्ट्रिपचा फोटो काढून रंग ओळखणारी अॅप्स संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली फसतात, कारण कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. थेंबांच्या स्वस्त किटमध्ये पाणी पिवळं होतं, पण तो आकडा एकूण क्लोरीनचा असतो. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या, ते फ्री क्लोरीन वेगळं दाखवतं.

कर्जतजवळच्या एका व्हिलात मी केअरटेकर काकांना विचारलं, क्लोरीन किती आहे? ते म्हणाले, “सकाळीच औषध टाकलंय दादा, बिनधास्त उतरा.” किती टाकलं, मोजलं कधी, याचं उत्तर नव्हतं. यात काकांचा दोष मी धरत नाही. त्यांना किट कोणी दिलंच नव्हतं. सोसायटीच्या पूलवर निदान कमिटीला जाब विचारता येतो, व्हिलात तेही नाही. म्हणून बुकिंग करतानाच चॅटवर विचारा: आजचं रीडिंग पाठवता का? पोहोचल्यावर सगळ्यात खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते बघा. दिसत नसेल तर उतरू नका, कारण अशा पाण्यात बुडणारा माणूसही दिसत नाही. पंप चालू आहे का तेही बघा. पाणी फिरत नसेल तर औषध एका कोपऱ्यातच राहतं.

घरीच पूल असेल तर अजून एक. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात किंवा एकाच मगमध्ये कधीही घेऊ नका, आग लागू शकते. अॅसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. आणि टाकल्यावर पंप चालवून, परत मोजूनच पोरांना आत सोडायचं.