सागराची खतावणी

पदवीचे निकाल लागले की घराघरांत पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. सनदी लेखापाल, व्यवस्थापन, औषधनिर्माण ही नावे परिचयाची असतात. अशा वेळी कन्या म्हणाली, ‘मला सागरविज्ञान व सागरी जीवांचे संरक्षण शिकायचे आहे,’ तर पेढी सांभाळणाऱ्या पित्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. हे शास्त्र कोणते? त्यात जीवहिंसा किती? आणि चरितार्थाचे काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे प्रवेशापूर्वीच शोधावीत.

व्यापारी मनाला हे शास्त्र परके वाटू नये. समुद्रातील माशांचा साठा हे मुद्दल, त्यातील दरवर्षीची वाढ हे व्याज. व्याजापुरतीच उचल झाली तर पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालते. मुद्दलाला हात लागला की दिवाळे ठरलेले. अडचण अशी की या गोदामातील माल दिसत नाही. बंदरावर उतरणारी मासळी, पाण्याचे तापमान व क्षारता, उपग्रहाने टिपलेला सागराचा रंग अशा नोंदींवरून शिलकेचा अंदाज बांधावा लागतो. हा ताळेबंद मांडणे हेच या शिक्षणाचे मुख्य काम होय.

हिंसेचा प्रश्न मात्र झाकून ठेवू नये. प्लवकांच्या बारीक जाळीत सूक्ष्म जीव येतात आणि ते रसायनात जतन केले जातात. माशाचे वय ठरवण्यासाठी मृत माशाच्या कानातील अश्मिका तपासतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, तरी नमुने घेणे संपलेले नाही. दुसरीकडे भौतिक व रासायनिक सागरविज्ञान, उपग्रह संवेदन, देवमाशांच्या आवाजांचा अभ्यास, कासवांच्या घरट्यांची नोंद अशा शाखांत जीव न मारता काम करता येते. म्हणून अभ्यासक्रम मागवून वाचावा, प्राध्यापकांना स्पष्ट विचारावे आणि मर्यादा कोठे आखायची हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्यावे.

संरक्षण म्हणजे केवळ मनाई नव्हे, हे गुजरातच्या किनाऱ्याने दाखवून दिले. तेथे देवमुशी या जगातील सर्वांत मोठ्या माशाची यकृतातील तेलासाठी व मांसासाठी शिकार होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. तथापि जाळ्यात सापडलेला मासा सोडायचा तर महागडे जाळे कापावे लागे, आणि ते नुकसान कोळ्याने का सोसावे? २००४ पासून चाललेल्या मोहिमेत त्याला ‘व्हाली दीकरी’, म्हणजे लाडकी लेक, मानण्याचे आवाहन झाले आणि कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. कोळ्यांनी स्वतःच्या हातांनी जाळी कापून शेकडो मासे सोडले. महाराष्ट्रातही कांदळवन कक्षाने अशी भरपाई देऊ केली आहे. श्रद्धा, विज्ञान आणि हिशोब एकत्र आले तेव्हाच हे साधले.

आता व्यवहाराचे. पदव्युत्तर प्रवेशासाठी साधारणतः विज्ञानाची पदवी लागते. वाणिज्य पदवीधराला हे दार सहसा उघडत नाही. गोवा विद्यापीठ, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूत परंगीपेट्टै येथील अण्णामलै विद्यापीठाचे केंद्र ही या विषयाची मान्यवर ठिकाणे आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, परंतु तेथील बहुतेक शाखांसाठी मत्स्यविज्ञानाची पदवी अपेक्षित असते. संशोधनासाठी दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कायमच्या जागा थोड्या. अनेकांची पहिली वर्षे प्रकल्पांच्या मुदतीच्या नेमणुकांत जातात आणि पुढे बहुधा पीएच.डी. करावी लागते. संख्याशास्त्र, संगणकावरील विश्लेषण, पोहणे आणि किनाऱ्यावरील माणसांशी त्यांच्या बोलीत बोलण्याची सवय ही शिदोरी पहिल्या सत्रापासूनच बांधावी.

नवी शाखा उघडताना पहिल्याच वर्षी नफ्याचा आकडा आपण विचारत नाही. भांडवल किती, धीर किती, हे आधी ठरवतो. समुद्राकडे निघालेल्या अपत्याशीही तसेच मोकळेपणाने बसून बोलावे. किती वर्षे घर पाठीशी उभे राहील हे त्याला आजच स्वच्छ शब्दांत सांगावे, आणि तेवढी वर्षे मिळकतीचा प्रश्न पुन्हा काढू नये.